बाले पर्वत: सानेटीच्या पठारावर जायचं तर

सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकलेल्या माणसाची चार हजार मीटरवर फसगत होते ती पायांमुळे. पाय तयार असतात, चढ सोपा वाटतो, आणि छाती कधी मागे पडली ते कळतच नाही. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. इथिओपियातल्या बाले पर्वतातलं टुल्लू डिमटू ४,३७७ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या अडीचपटीहून जास्त. तिथे तर थेट गाडी जाते. चढाई नाही, घाम नाही, कुणी थांबवणारं नाही. म्हणूनच लोक सकाळी खालून निघतात, दुपारी डोकं धरून बसतात आणि ज्याच्यासाठी एवढा खर्च केला तो इथिओपियन लांडगा समोर आला तरी त्यांचं लक्ष उलटीकडे असतं.

म्हणून आधीच सांगते: बालेला किमान पाच रात्री द्या, जमल्यास सहा. तेवढे दिवस हाताशी नसतील तर हा प्रवास पुढच्या वर्षावर ढकला.

बालेच का

बाले पर्वत राष्ट्रीय उद्यान आदिस अबाबाच्या आग्नेयेला, रस्त्याने साधारण चारशे किलोमीटरवर, ओरोमिया प्रांतात आहे. क्षेत्रफळ सुमारे २,१५० चौरस किलोमीटर. उद्यान १९७० पासूनचं, पण युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ते २०२३ साली आलं.

उत्तरेला डिन्शो आणि गायसेचं गवताळ मैदान, मध्ये चार हजार मीटरवरचं सानेटी पठार, आणि पठाराच्या दक्षिण कडेवरून खाली कोसळत गेलेलं हरेन्ना जंगल. सकाळी बोचरं वारं सुटलेल्या उघड्या माळावर असता आणि दुपारी शेवाळ लोंबणाऱ्या झाडांखाली. मधलं अंतर गाडीने तासा-दोन तासांचं.

आणि लांडगा. इथिओपियन लांडग्याचे प्रौढ प्राणी जगात पाचशेहून कमी उरले आहेत आणि त्यांतले निम्म्याहून अधिक एकट्या बालेत आहेत. आफ्रिकेतल्या इतर नावाजलेल्या उद्यानांत सिंह, हत्ती दिसतील, हा दिसणार नाही.

कधी जावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बालेत पावसाळा लांबलचक असतो, मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत तो येत-जात राहतो. पावसात वाट चिखलाची होते आणि पठारावर धुकं बसलं की दहा हातांवरचंही दिसत नाही. कोरड्या महिन्यांत आभाळ स्वच्छ, पण रात्री पारा शून्याच्या खाली. लांडग्यांची पिल्लं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मतात, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत ती बिळाबाहेर खेळताना दिसण्याची शक्यता चांगली. निवडायला सांगितलं तर मी डिसेंबरचा दुसरा पंधरवडा किंवा जानेवारी निवडेन.

घर सोडण्याआधी

सगळ्यात आधी पिवळ्या तापाची लस. इथिओपिया भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहे. परत येताना लशीचं प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागतं. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरलं जातं, पण मग ते आयुष्यभर चालतं. ही लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि वार ठरलेले असतात, म्हणून तिकीट काढलं त्याच आठवड्यात हे उरकून टाका.

व्हिसा ऑनलाइन मिळतो. मुंबईहून आदिसला थेट विमान आहे. डॉलरच्या नव्या, न चुरगळलेल्या नोटा सोबत घ्या आणि आदिसमध्येच पुरेसे बिर, म्हणजे तिथलं चलन, करून ठेवा. पुढे रोख पैसाच चालतो. उद्यानाचं शुल्क, वाटाड्या, घोडेवाला, सगळे रोखीनेच.

ड्रोन घरी ठेवा, परवानगी नसेल तर विमानतळावरच काढून घेतात. दुर्बिणीबद्दलही कधी कधी विचारणा होते. दुर्बीण तर न्यायलाच हवी, म्हणून प्रवास ठरवून देणाऱ्याकडून सहलीचं पत्र लिहून घ्या आणि ते दुर्बिणीच्या पिशवीतच ठेवा.

एक गंभीर गोष्ट. ओरोमियाच्या काही भागांत गेल्या काही वर्षांत हिंसाचार झाला आहे आणि परिस्थिती महिन्या-महिन्याला बदलते. तिकीट काढण्याआधी आणि निघण्याच्या आठवड्यात, अशी दोनदा, भारतीय दूतावासाची सूचना बघा आणि स्थानिक माणसाला रस्त्याबद्दल विचारा. अंधारात प्रवास करू नका. स्थानिक माणूस सांगतोय जाऊ नका, तर जाऊ नका.

घड्याळाचा घोळ

इथिओपियात दिवस सूर्याबरोबर सुरू होतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक वाजला. वाटाड्या "बारा वाजता निघू" म्हणाला तर तो बहुधा पहाटे सहाबद्दल बोलत असतो. हे ठाऊक नसल्यामुळे लोकांची सानेटीवरची पहाट हुकते, आणि सानेटीवर पहाट हुकली की अर्धा दिवस गेला. वेळ ठरवताना दर वेळी विचारा: तुमचे की आमचे? पंचांगही वेगळं आहे, तेरा महिन्यांचं आणि आपल्या इंग्रजी सनाच्या सात-आठ वर्षं मागे. लेखी पावतीवर जुनं साल दिसलं तर घाबरू नका.

दिवस पहिला आणि दुसरा: आदिस

आदिसच मुळात सुमारे २,३५० मीटरवर आहे. दोन रात्री इथे काढा. शरीर सवय लावून घ्यायला इथूनच सुरुवात करतं. भरपूर पाणी प्या, दारू टाळा, आणि जिना चढताना दम लागला तर त्याची नोंद मनात ठेवा.

उंचीच्या त्रासासाठी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी बरेच जण घेतात. ती घ्यायची की नाही हे निघण्याआधी घरच्या डॉक्टरांना विचारा. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. रक्तदाब, हृदय, दमा यांचा इतिहास असलेल्यांनी तपासणीशिवाय या वाटेला जाऊ नये.

दिवस तिसरा: आदिस ते डिन्शो

गाडीला सात ते नऊ तास लागतात. अ‍ॅसेला, बेकोजी, डोडोला, अडाबा, डिन्शो हा रस्ता मला जास्त आवडतो. अ‍ॅसेला हे लांब पल्ल्याचा धावपटू हैले गेब्रसेलासीचं गाव, आणि केनेनिसा बेकेले, देरार्टू तुलू, तिरुनेश दिबाबा हे सगळे धावपटू बेकोजीच्या परिसरातले. पहाटे निघालात तर बेकोजीच्या आसपास मुलं धावताना दिसतात. त्या उंचीवर, त्या वेगाने, आणि तोंड मिटून! आपण गाडीत बसून धापा टाकत असतो. बालेतल्या रोबे गावापर्यंत विमानही जातं, पण त्याचं वेळापत्रक बदलत राहतं. शिवाय रस्त्याने गेलात की शरीर हळूहळू वर येतं, हा फायदा विमानात नाही.

डिन्शोला उद्यानाचं मुख्यालय आहे, उंची साधारण ३,१०० मीटर. शुल्क इथेच भरायचं, वाटाड्या इथेच ठरवायचा. पैसे, दिवस, कुठपर्यंत, घोडा कोणाचा, घोडेवाल्याचं जेवण कोणाकडे, हे सगळं पहिल्याच संध्याकाळी कागदावर लिहून घ्या. यात अविश्वास नाही, त्यांनाही ते बरं पडतं.

पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही. मी तीनदा दचकून उठले. श्वास मध्येच थांबून मग एकदम जोरात येतो, तसं होतं. ते या उंचीवर नेहमीचं आहे. उशी उंच घ्या, आणि रात्री जेवण हलकं ठेवा.

दिवस चौथा: गायसे, आणि काहीही न करणं

या दिवशी वर जायचं नाही. मोह होतो, कारण पठार इथून फार लांब नाही. जाऊ नका.

मुख्यालयाभोवती जुनिपर आणि हाजेनियाच्या झाडांत माउंटन न्याला फिरत असतात. हरणासारखा पण अंगाने चांगला थोराड, राखाडी-तपकिरी, नराची शिंगं पिळदार. एवढा मोठा प्राणी, पण शास्त्रज्ञांना तो विसाव्या शतकात माहीत झाला, १९१० साली त्याची शास्त्रीय नोंद झाली. इथिओपियाबाहेर तो कुठेच नाही. डिन्शोत तो माणसाला सरावलेला आहे, हलक्या पावलांनी गेलात तर वीस-पंचवीस पावलांवरून बघता येतो. दुपारी गायसेच्या मैदानावर तास-दोन तास चाला. सपाट आहे, आणि तेवढंच चालणं आज हवं.

चालताना कुणी समोर आलं की "अक्कम" म्हणा, म्हणजे कसं काय. आभारासाठी "गलातोमा". इथले बहुतेक लोक ओरोमो मुसलमान शेतकरी आणि गुरंवाले आहेत. आमच्या वाटाड्याला मी मलिक अंबरबद्दल सांगितलं. हबशातून, म्हणजे याच देशातून, गुलाम म्हणून आलेला माणूस आमच्याकडे निजामशाहीचा वजीर झाला, त्याने वसवलेलं खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि त्याने बांधलेली पाण्याची नहर लोक अजून दाखवतात. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने नाव पुन्हा विचारून घेतलं.

दिवस पाचवा: वेब दरी, पायी किंवा घोड्यावर

डिन्शोहून वेब दरीकडे जाणारी वाट हळूहळू साडेतीन हजार मीटरपर्यंत चढते. सामान घोड्यावर द्या. "मी माझी सॅक स्वतःच उचलतो" हा आपल्याकडचा बाणा इथे कामाचा नाही.

वाटेवर फिंचा हबेरा नावाचा धबधबा आणि त्याच्या जवळ कड्यातला एक निवारा लागतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार इथे सुमारे ४७,००० ते ३१,००० वर्षांपूर्वी माणसं येऊन राहत होती. त्या काळात वरच्या पठारावर हिमनद्या होत्या. आणि ही माणसं खात काय होती? मोठे मोल रॅट, म्हणजे जमिनीत बिळं करणारे थोराड उंदीर, भाजून. त्यांची हाडं चुलीच्या राखेबरोबर सापडली. हा प्राणी पुढे सानेटीवर आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

ज्यांना सलग ट्रेक करायचा आहे त्यांनी इथून सोडोटा, केरेन्सा, राफू, गर्बा गुराचा असे मुक्काम करत पठारावर जावं, चार-पाच दिवस लागतात. राफूला लाव्हाचे खांब उभे आहेत. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाची सवय असलेल्या डोळ्यांना ते लगेच ओळखीचे वाटतात. गर्बा गुराचा म्हणजे काळं तळं. तंबूत राहायचं तर शून्याखाली चालणारी स्लीपिंग बॅग हवीच. जेवणाचं एक लक्षात ठेवा: चार हजार मीटरवर पाणी सुमारे ८७ अंशालाच उकळतं. डाळ शिजता शिजत नाही. पोहे, उपमा, मॅगी, शेवया न्या. डाळच हवी असेल तर छोटा कुकर घोड्यावर चढवा.

ट्रेक न करणाऱ्यांनी संध्याकाळी गोबाला मुक्कामाला जावं. गोबा डिन्शोपेक्षा खाली आहे, त्यामुळे झोप बरी लागते. मोठं रुग्णालयही इथेच.

दिवस सहावा: सानेटी

पहाटे, उजाडायच्या आत निघा. गोबाहून रस्ता झाडोऱ्यातून, मग उंच वाढलेल्या एरिकाच्या झुडपांतून चढतो आणि अचानक सगळं उघडं होतं. झाडं संपतात. डबकी गोठलेली, दगडांवर नारिंगी-करडे दगडफूल, आणि माळभर रुपेरी झुडपं.

त्यात मधूनच खांबासारखे उभे महाकाय लोबेलिया, माणसाहून कितीतरी उंच. सह्याद्रीत आपण ज्याला ढवळ किंवा रानतंबाखू म्हणतो ते याच कुळातलं, ही त्याची थोरली भावकी. हा लोबेलिया वर्षानुवर्षं नुसता वाढतो, एकदाच फुलतो आणि मरतो, आपल्या कारवीसारखा. वाळून काळे पडलेले खांबही जागच्या जागी उभे असतात. त्यांना टेकू नका, त्यांवर सॅक अडकवू नका.

आता लांडगा शोधायचा कसा. नवखा माणूस क्षितिज बघत बसतो. तुम्ही जमीन बघा. इथली रात्र एवढी थंड की उंदीर दिवसा बाहेर पडतात, आणि म्हणून लांडगाही दिवसाच शिकार करतो. जिथे उंदीर जास्त तिथे लांडगा. ताजी उकरलेली काळी माती दिसली की गाडी थांबवून इंजिन बंद करा. मातीच्या ढिगाजवळ एक लहान तपकिरी पक्षी, मूरलँड चॅट, बसलेला असेल तर नजर तिथून हलवू नका. मोल रॅट माती उकरतो तेव्हा निघणारे किडे टिपायला तो येतो. थोड्या वेळाने बिळातून आधी माती सरकते, मग एक रुंद डोकं वर येतं, अगदी वर डोळे आणि पुढे पिवळे दात. आपल्या घुशीएवढा प्राणी. अर्धं अंग बाहेर काढून तो भराभरा आजूबाजूचं गवत तोंडात ओढतो, आणि पाठीमागे सरकत बिळात नाहीसा होतो. हा मोठा मोल रॅट जगात फक्त बालेतच आहे.

मला लांडगा दिसला तो याच बिळावर नजर लावून बसलेला. तांबूस अंग, पांढरा गळा, लांब पाय, कोल्ह्यासारखं निमुळतं तोंड, शेपटीचं टोक काळं. पोट जमिनीला लावून तो दोन पावलं सरकला आणि थांबला. कान पुढे. पुन्हा एक पाऊल. दहा-बारा मिनिटं हे चाललं असेल. मग झेप, माती उडाली, आणि तोंड रिकामंच वर आलं. तो उठून अंग झाडून पुढच्या बिळाकडे चालायला लागला. कळपाने राहणारा हा प्राणी शिकार मात्र असा एकट्याने करतो. ओरोमो भाषेत त्याला "घोड्याचा कोल्हा" अशा अर्थाचं नाव आहे, कारण व्यायला आलेल्या घोडीच्या मागे तो वार खायला फिरतो असं गुरंवाले सांगतात.

इथे काही गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. गाडीतून उतरून त्याच्या मागे जाऊ नका. खायला टाकू नका, बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही. चालकाला वेग कमी ठेवायला सांगा आणि तो वाढवू लागला तर पुन्हा सांगा, गाडीखाली येऊन लांडगे मेले आहेत. या प्राण्याला सगळ्यात मोठा धोका गावातल्या कुत्र्यांकडून येणाऱ्या रेबीज आणि डिस्टेंपरचा आहे. रेबीजच्या साथींत बालेतले कळपच्या कळप गेले आहेत. १९९५ पासून काम करणारा इथिओपियन वुल्फ कॉन्झर्वेशन प्रोग्राम गावातल्या कुत्र्यांना लस टोचतो, आणि २०१८ पासून खुद्द लांडग्यांनाही आमिषातून रेबीजची लस दिली जाते. कुणी सोबत कुत्रा आणत असेल तर त्याला अडवा.

टुल्लू डिमटूच्या माथ्यावर जाणारी कच्ची वाट मुख्य रस्त्यापासून फुटते. वर संपर्काचे मनोरे आहेत. पाऊण-एक तास पुरे. गाडीतून उतरून पायी दहा पावलं टाकली की कळतं, इथे ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास आहे. वाकून बुटाची नाडी बांधली तरी धाप लागते. डोकं ठणकणं, मळमळ, भूक मरणं ही पहिली लक्षणं. ती दिसली तर वर थांबून बरं वाटायची वाट बघू नका, खाली चला. चाल अडखळायला लागली, बोलणं असंबद्ध झालं किंवा स्वस्थ बसूनही श्वास लागत असेल तर एक मिनिटही न दवडता गाडी खाली घ्या.

ऊन फसवं असतं. हवा गार आणि त्वचा भाजते. लांब बाह्या, रुंद टोपी, सनस्क्रीन, ओठांना मलम, आणि वाऱ्यासाठी कानटोपी. कपडे एकावर एक घाला, कारण सकाळी सहाला दोन स्वेटर लागतात आणि अकराला एकही नको होतो. कॅमेऱ्याची बॅटरी थंडीत उतरते, जादाची बॅटरी आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा. खिशात गूळ-शेंगदाणे किंवा राजगिऱ्याचे लाडू ठेवा. भूक लागत नाही, तरी खायचं.

दिवस सातवा आणि आठवा: हरेन्ना, आणि पुन्हा सानेटी

सानेटीवर रात्र काढू नका, पलीकडे उतरा. पठार संपतं तिथे गाडी थांबवून खाली बघा. ढगांत बुडालेलं जंगल पायाखाली दूरवर पसरलेलं असतं. वळणावळणाने उतरत रीरा गाव लागतं, मग बांबूचे पट्टे. याच बांबूवर प्रामुख्याने जगणारं बाले माकड इथे सकाळी दिसतं. जंगलात सिंहही आहेत, पण ते दिसतील असं धरून येऊ नका. उंच झाडांवर लाकडी नळकांडी टांगलेली दिसतील, ती मधमाश्यांची पोळी.

परतीला पुन्हा सानेटीवरूनच यायचं. दोनदा पठार ओलांडायला मिळतं हा या आखणीचा सगळ्यात मोठा फायदा आहे. शरीर एव्हाना सरावलेलं असतं, डोकं शांत असतं, आणि पहिल्या दिवशी न दिसलेलं दिसतं.

शाकाहारी माणसाचं काय

उलट सोय चांगली आहे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, त्यात मांस-दूध काही चालत नाही. हॉटेलात "त्सोम" म्हणजे उपासाचं आहे का विचारा. बाले मुसलमानबहुल आहे, तरी रोबे-गोबाच्या हॉटेलांत हा शब्द कळतो. "बेयाइनेतू" मागवलं की एका मोठ्या इंजेरावर मसूर, पालेभाजी, बटाटा-कोबी असं सगळं वाढून येतं. इंजेरा म्हणजे टेफ नावाच्या बारीक धान्याची आंबवलेली, जाळीदार, मोठी आंबोळी. आणि शिरो! हरभऱ्याच्या पिठाचं, तिखट, मातीच्या भांड्यात खदखदत येणारं, डोळे मिटून खाल्लं तर पिठलं. फक्त वरून मसालेदार तूप घालू नका असं दूध-तूपही न खाणाऱ्यांनी, आणि कांदा-लसूण नको असं तो न खाणाऱ्यांनी, आधीच सांगावं. कांद्याशिवायचं जेवण मात्र कठीण आहे, त्यासाठी घरचं काहीतरी सोबत हवं.

परतताना

हरेन्नातली रानकॉफी तिथल्याच माणसाकडून विकत घ्या. ही लावलेली कॉफी नाही, जंगलात आपोआप वाढलेली झुडपं आहेत, फळं हाताने वेचून उन्हात वाळवतात.  कुणी कॉफी प्यायला घरी बोलावलं तर घाईचं कारण सांगू नका. तीन फेऱ्या होतात, आणि तिसरी, बरका, घेतल्याशिवाय उठायचं नसतं.

पिवळ्या तापाचं कार्ड मात्र मोठ्या बॅगेत टाकू नका. मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशनच्याही आधी आरोग्य कक्षाची रांग लागते आणि तिथे ते हातात असावं लागतं.